युवा प्रतिनिधी व्हायचंय? खरे मार्ग, अर्जाची पद्धत आणि पैसे मागणाऱ्यांपासून सावधगिरी



गेल्या वर्षी ईदनंतर माझी एक जुनी विद्यार्थिनी अब्बूंना घेऊन घरी आली. मोबाइलवर एक पत्र होतं. वर निळं चिन्ह, खाली सही-शिक्का. ‘आंतरराष्ट्रीय युवा राजदूत म्हणून आपली निवड झाली आहे. परदेशात चार दिवसांची परिषद. सात दिवसांत बेचाळीस हजार रुपये भरून जागा पक्की करा.’ अब्बूंची भूममध्ये खव्याची भट्टी आहे. नोंदणीचे पाच हजार त्यांनी आधीच भरले होते. पत्र आलं त्या संध्याकाळी मोहल्ल्यात पेढेही वाटून झाले होते.

“सर, हे खरं आहे का?” मुलीने विचारलं. मला ‘नाही’ म्हणावं लागलं. पाच हजार परत आले नाहीत. पण त्याहून जास्त त्रास पेढ्यांचा झाला. लोक विचारत राहिले, “बेटा, कधी जाणार?”

अशी पत्रं आपल्या तालुक्यात आणखी घरांत येत असणार. म्हणून हा विषय एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे. खरे मार्ग आहेत, त्यांना पैसे लागत नाहीत, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांना त्यातल्या एका ठिकाणी प्राधान्यही आहे. तेच बहुतेकांना माहीत नाही.

युवा प्रतिनिधी म्हणजे नेमकं कोण?

संयुक्त राष्ट्रांची आमसभा दरवर्षी न्यूयॉर्कमध्ये भरते. तिथे प्रत्येक देशाचं शिष्टमंडळ असतं. काही देश या शिष्टमंडळात एक-दोन तरुणांना घेतात. त्यांना ‘युवा प्रतिनिधी’ म्हणतात. नेदरलँड्ससारखा देश १९७० पासून असे तरुण पाठवतो. १९९५ मध्ये आमसभेने तरुणांसाठी जागतिक कृती कार्यक्रम मंजूर केला, त्यातही देशांना हीच विनंती आहे.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हा प्रतिनिधी संयुक्त राष्ट्रं निवडत नाहीत, त्या-त्या देशाचं सरकार निवडतं. म्हणजे भारताच्या वतीने बोलण्याचा अधिकार फक्त भारत सरकार देऊ शकतं. कोणतीही खासगी संस्था, मग तिचं नाव कितीही मोठं असो, तुम्हाला ‘भारताचा युवा प्रतिनिधी’ नेमू शकत नाही.

याशिवाय दुसऱ्या प्रकारची कामंही आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करणं, सल्लागार गटात असणं, सरकारच्या युवा आदानप्रदान कार्यक्रमात परदेशी जाणं, परराष्ट्र मंत्रालयात इंटर्नशिप करणं. आपल्या मुलांसाठी खरी दारं हीच आहेत.

आपल्यातले कोण तिथे पोचले?

“आपल्यासारख्यांना कोण विचारतं?” असं मुलं म्हणतात. म्हणून ही नावं.

न्यायमूर्ती एम. सी. छागला मुंबईचे. १९४६ मध्ये विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखाली भारताचं शिष्टमंडळ आमसभेत गेलं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरच्या अन्यायाचा प्रश्न तिथे मांडला. छागला त्या शिष्टमंडळात होते. पुढे ते अमेरिकेत राजदूत, ब्रिटनमध्ये उच्चायुक्त आणि नंतर देशाचे परराष्ट्रमंत्री झाले.

डॉ. रफिक झकेरिया नालासोपाऱ्याचे. मराठवाड्याला ते औरंगाबादचे आमदार आणि मौलाना आझाद कॉलेजचे संस्थापक म्हणून माहीत आहेत. त्यांनी १९६५, १९९० आणि १९९६ अशी तीनदा संयुक्त राष्ट्रांत भारताची बाजू मांडली.

आता अलीकडचं उदाहरण. जुलै २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी हवामान बदलावर सल्ला देण्यासाठी जगभरातून सात तरुण निवडले. त्यात ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यातल्या खडिया आदिवासी समाजाची अर्चना सोरेंग होती. तिने मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिक्षण घेतलं होतं आणि तिथल्या विद्यार्थी संघटनेची ती अध्यक्षही होती. आदिवासी समाज जंगल आणि पाणी पिढ्यान्‌पिढ्या कसं राखतो, याच्या नोंदी करण्याचं काम ती करत होती. आसामची गायिका नाहिद आफ्रीन हिला युनिसेफने २०२४ मध्ये भारतातल्या चार युवा प्रवक्त्यांत घेतलं. दोघींच्या मागे आधी केलेलं काम होतं.

आज अर्ज करता येतील असे मार्ग

१) माय भारत. केंद्र सरकारच्या युवा व्यवहार मंत्रालयाचा हा मंच ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाला. वय १५ ते २९. मोबाइल क्रमांकावर मोफत नोंदणी होते. पूर्वी नेहरू युवा केंद्राकडे असलेली कामं आता इथून चालतात. राष्ट्रीय युवा संसद, युवा नेतृत्व संवाद, जिल्हा पातळीवरची स्वयंसेवी कामं, या सगळ्यांची सूचना इथेच येते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या ‘विकसित भारत युवा नेतृत्व संवादा’ची निवडही इथूनच झाली. पहिली पायरी प्रश्नमंजूषेची होती, पुढे निबंध, मग राज्य पातळीवर सादरीकरण. खेड्यातलं पोरगंही मोबाइलवरून पहिली पायरी चढू शकत होतं.

जी-२० देशांच्या युवकांचा ‘वाय-२०’ हा गट भारताच्या अध्यक्षपदाच्या वर्षी, २०२३ मध्ये, याच मंत्रालयाने चालवला. त्याची एक सल्लामसलत ११ मार्चला पुण्यात सिंबायोसिसमध्ये झाली, तर शिखर बैठक ऑगस्टमध्ये वाराणसीला. दोन्ही ठिकाणी विद्यार्थी होते. भूमहून पुणे काही फार लांब नाही. माहिती वेळेवर मिळणं हाच आपला खरा प्रश्न आहे.

२) एनएसएस आणि एनसीसी. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर. आपल्याकडे पुष्कळ मुलं फक्त प्रमाणपत्रासाठी नाव देतात. पण परदेशी जाणाऱ्या सरकारी युवा शिष्टमंडळांत एनएसएस, एनसीसी आणि माय भारतचे तरुणही घेतले जातात. एनसीसीचा स्वतःचा युवा आदानप्रदान कार्यक्रम आहे. त्याचा रस्ता दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरातून जातो. कॉलेजात प्रवेश घेतल्याबरोबर कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. दुसऱ्या वर्षी जाग आली तर उशीर होतो.

३) संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक, म्हणजे यूएनव्ही. ही संस्था १९७० पासूनची आहे आणि मुख्यालय जर्मनीत बॉन इथे आहे. किमान वय १८. हिचा सगळ्यात सोयीचा भाग म्हणजे ऑनलाइन स्वयंसेवा. भाषांतर, लेखन, चित्र-आराखडे, संशोधन अशी कामं घरी बसून करायची. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. मानधन नसतं, पण काम पूर्ण झाल्यावर संस्थेचं प्रमाणपत्र मिळतं. प्रत्यक्ष जागी जाऊन काम करणाऱ्यांसाठी १८ ते २६ वयाचा ‘युवा स्वयंसेवक’ हा वेगळा गट आहे आणि त्यात निर्वाहभत्ता मिळतो. अर्जासाठी यूएनव्हीच्या संकेतस्थळावर स्वतःची माहिती भरून ठेवावी लागते. शुल्क कुठेच नाही.

४) परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप. धाराशिवकरांनी हा मुद्दा दोनदा वाचावा. दिल्लीच्या या मंत्रालयात पदवीधरांना एक ते तीन महिने काम शिकता येतं. वयाची मर्यादा २५ वर्षं. वर्षात दोन फेऱ्या होतात. अलीकडच्या नियमांनुसार महिन्याला १०,००० रुपये मानधन आणि राज्याच्या राजधानीतून दिल्लीला जाण्या-येण्याचं साध्या वर्गाचं विमानभाडं मिळतं. निवडलेल्यांत किमान ३० टक्के मुली असाव्यात असा नियम आहे. आणि मुख्य म्हणजे आकांक्षित जिल्ह्यांतल्या उमेदवारांना प्राधान्य आहे.

आकांक्षित जिल्हे म्हणजे आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी यांत मागे राहिलेले म्हणून २०१८ मध्ये केंद्राने निवडलेले जिल्हे. महाराष्ट्रातून चार जिल्हे त्यात आले : गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. मागास म्हणून लागलेला हा शिक्का या एका अर्जात आपल्या बाजूने उभा राहतो. पत्ता लिहिताना जिल्ह्याचं नाव नीट लिहा. कागदपत्रांवर जुनं नाव असेल तर तोच जिल्हा आहे असं एका ओळीत नमूद करा.

५) संयुक्त राष्ट्र सचिवालयाची इंटर्नशिप. पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेले किंवा त्यापुढे शिकणारे यात बसतात. पण यात वेतन नाही आणि राहण्याचा खर्च आपला असतो. न्यूयॉर्क-जिनिव्हाचा खर्च साध्या घराला पेलणारा नाही. आधी वरचे चार मार्ग बघा.

अर्ज कसा लिहायचा?

अर्जात बहुतेक ठिकाणी चार गोष्टी असतात : स्वतःची माहिती, केलेलं काम, ‘तुम्हाला हे का करायचं आहे’ यावरचा मजकूर, आणि तुमची ओळख पटवणारी दोन माणसं.

मजकुरात आपली मुलं काय लिहितात ते मला पाठ आहे. ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. मला देशाचं नाव उज्ज्वल करायचं आहे.’ निवडणाऱ्याने अशी वाक्यं हजारदा वाचलेली असतात. त्याऐवजी असं लिहा : ‘एप्रिल-मेमध्ये आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. मी आणि तीन मैत्रिणींनी ४० घरांत जाऊन कुठे गळती आहे ते लिहून काढलं आणि यादी नगरपरिषदेला दिली. सात ठिकाणची दुरुस्ती झाली.’ हा फक्त नमुना आहे, उतरवून घेऊ नका. तुम्ही जे केलं असेल तेच लिहा. कुठे, कधी, किती लोकांसोबत, आणि त्यातून काय झालं. काम अर्धवट राहिलं असेल तर का राहिलं तेही लिहा.

मग या कामाचा मोठ्या जगाशी धागा जोडा. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंतची १७ शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली. सहावं पाण्याचं आहे, चौथं शिक्षणाचं, पाचवं स्त्री-पुरुष समानतेचं. मराठवाड्यातल्या मुलाला पाण्याचा प्रश्न पुस्तकात वाचावा लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आणावं लागलं, ते आपण बघितलं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं शाळेतून गळतात, तेही आपल्या डोळ्यांसमोर आहे. जिनिव्हात बसलेल्या माणसाला हे माहीत नसतं. तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे ते हेच.

संदर्भासाठी नेत्याचं पत्र मागू नका. ज्यांनी तुमचं काम बघितलंय अशी माणसं द्या. एनएसएसचे अधिकारी, वर्गशिक्षक, ग्रामसेवक, ग्रंथपाल. आणि त्यांना आधी विचारा.

भाषेचं काय?

संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत : अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. अरबीला हा दर्जा १८ डिसेंबर १९७३ ला मिळाला. आपल्या घरांत मुलं कुरआन शरीफ अरबीत वाचतात, पण वाचता येणं आणि भाषा येणं यांत फरक आहे. अर्जात ‘अरबी येते’ असं लिहिलं आणि मुलाखतीत साधं वाक्य बोलता आलं नाही, तर बाकीच्या अर्जावरचाही विश्वास जातो. मात्र ज्यांनी मदरशात अरबी व्याकरणासह शिकली आहे त्यांनी दोन वर्षं आजची अरबी बोलण्या-लिहिण्याचा सराव केला, तर फार थोड्या भारतीय तरुणांकडे असलेली गोष्ट त्यांच्याकडे असेल.

इंग्रजी लागतेच. ती साहेबी नसली तरी चालते, स्पष्ट हवी. रोज एक बातमी वाचून तिच्यावर पाच वाक्यं लिहा आणि शिक्षकांना दाखवा. मराठी, उर्दू, हिंदी या तिन्ही भाषा अर्जात जरूर लिहा. भाषांतराच्या कामात त्यांचा उपयोग होतो.

कागदपत्रं : नावाचा घोळ आधी सोडवा

आपल्या समाजातल्या किती मुलांचे अर्ज इथे अडतात! शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ आधी, आधारवर शेवटी. कुठे ‘मोहम्मद’, कुठे ‘मो.’, कुठे ‘मोहंमद’. अम्मीच्या नावापुढे एका कागदावर ‘बी’, दुसऱ्यावर ‘बेगम’. इंग्रजी स्पेलिंग तर दर कागदावर वेगळं. मुलं अठराची व्हायच्या आधी हे सरळ करा.

• दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख स्वतः तपासा. पुढचे सगळे कागद यावरच उभे राहतात.
• आधार आणि पॅन दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे करून घ्या.
• फरक मोठा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेता येतो. अर्ज ऑनलाइन होतो.
• पासपोर्ट काढून ठेवा. प्रौढांसाठी ३६ पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे आणि तो दहा वर्षं चालतो. अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावरूनच करा.

फसवणूक ओळखायच्या खुणा

• निवड झाल्यावर पैसे मागितले. संयुक्त राष्ट्रं अर्ज, मुलाखत, निवड, प्रशिक्षण यांपैकी कशासाठीही पैसे घेत नाहीत.
• ‘पूर्ण खर्च आमचा’ अशी जाहिरात, आणि अर्ज केल्यावर ‘तुमची निवड स्वखर्चाच्या गटात झाली आहे’ असं उत्तर.
• मेल साध्या जीमेल पत्त्यावरून. संयुक्त राष्ट्रांच्या पत्त्याच्या शेवटी ‘यूएन डॉट ओआरजी’ किंवा त्या संस्थेचं स्वतःचं नाव असतं, आणि भारत सरकारच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’.
• निळं चिन्ह बघून भुलू नका. संयुक्त राष्ट्रांचं नाव आणि बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरायला आपल्या देशात १९५० च्या कायद्याने मनाई आहे.
• ‘आजच भरा, उद्या जागा जाईल’ अशी घाई. खऱ्या अर्जाची शेवटची तारीख आधीच जाहीर असते.

कॉलेजांत ‘मॉडेल यूएन’ नावाच्या स्पर्धा होतात. त्यात मुलं देशांच्या भूमिका घेऊन वाद घालतात. बोलण्याचा सराव म्हणून चांगल्या असतात, पण तो सराव आहे, प्रतिनिधित्व नाही. शुल्क परवडत असेल तर जा. कर्ज काढून जाऊ नका.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. आम्ही उशीर केला होता.

अम्मी-अब्बूंसाठी दोन शब्द

मुलगी एकटी कुठे जाणार, कुणासोबत राहणार, खाण्याचं आणि नमाजचं काय, हे प्रश्न रास्त आहेत. ते विचारा. सरकारी शिष्टमंडळासोबत अधिकारी असतात, राहण्याची सोय ठरलेली असते आणि कार्यक्रम आधी हातात मिळतो. आहाराबद्दल अर्जातच लिहिता येतं. तरीही मन तयार नसेल तर ऑनलाइन स्वयंसेवेपासून सुरुवात करू द्या, त्यासाठी घराबाहेर पाऊलही टाकावं लागत नाही. मोहल्ल्यातल्या आलिम साहेबांशी, शाळेतल्या मॅडमशी बोला. पण विचारायच्या आधीच ‘नको’ म्हणू नका.

वयाप्रमाणे काय करायचं?

• दहावी ते बारावी : नावं सरळ करा, माय भारतवर नोंदणी करा, वक्तृत्व आणि निबंधाला उभे राहा.
• पदवीची वर्षं : एनएसएस किंवा एनसीसी, एक स्थानिक काम निवडून ते तारखांसह वहीत लिहिणं, पासपोर्ट, अठरानंतर यूएनव्हीची ऑनलाइन स्वयंसेवा.
• पदवीनंतर, २५ च्या आत : परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप. एका फेरीत नाही झालं तर पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. काही महिने तिने हा विषयच काढला नाही. मग एनएसएसच्या शिबिरात गेली आणि तिथल्या कामाच्या नोंदी ठेवायला लागली. यूएनव्हीवर भाषांतराच्या कामासाठी अर्ज केले. पहिल्या दोनांना उत्तर आलं नाही. तिसऱ्याला आलं. उर्दू आणि हिंदीतलं छोटंसं काम होतं, सहा आठवड्यांचं, एक पैसाही न देता-घेता. या वेळी घरात पेढे वाटायची कुणाला घाई नव्हती. काम पूर्ण करून प्रमाणपत्र हाती आल्यावर अब्बूंनी मला फोन केला, “सर, आता भट्टीवर या. आता वाटू.”

पुढच्या वर्षी ती पदवीधर होईल. परराष्ट्र मंत्रालयाच्या अर्जात जिल्हा लिहायचा रकाना तिने आत्ताच बघून ठेवला आहे. तुमच्या घरात अशी मुलगी किंवा मुलगा असेल तर हा लेख त्यांना वाचायला द्या.